सातव्या माळेचा डोंगर

५ ऑक्टोबर, मालवण

अमृतच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. स्कूबाच्या धड्यात आम्ही दोघं समुद्राच्या तळाशी गुडघे टेकून बसलो होतो. नाकातून जोरात फुंकलं की पाणी बाहेर जातं, तसं शिकवलंय. त्याला ते जमेपर्यंत मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही.

इथे जोडीनंच उतरवतात. जोडीदाराच्या टाकीतली हवा दाखवणाऱ्या काट्यावर लक्ष ठेवायचं. तो मला मासे दाखवत राहतो. मी त्याचा काटा बघते.

६ ऑक्टोबर

गावाहून सासूबाईंचा फोन. "घट बसले अन् तुमी दर्यात डुंबाया गेलाय. सातव्या माळेला डोंगर हाय. ध्यानात हाय ना?"

"हाय आई, हाय. आदल्या दिवशी पोचतो," अमृत म्हणाला.

सातवी माळ आमच्या घराची. त्या दिवशी घरातलं एक माणूस कळसूबाई चढतं आणि देवीच्या दिव्यात तेल घालतं. उंबरा ओलांडल्यापासून दर्शन होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मामंजी गेल्यापासून अमृत जातो. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे आवडलं होतं.

७ ऑक्टोबर

आमचे शिक्षक सगळ्यांना म्हणाले, "शेवटच्या डुबकीनंतर चोवीस तास विमान नाय." लोक हसले. विमानानं जाणारं कोणीच नव्हतं.

मी विचारलं, "आणि डोंगर?"

"केवढा?"

"सोळाशे मीटरच्या वर. परवा सकाळी."

ते हसले नाहीत. "मग उद्या उतरू नका. नायतर डोंगर सोडा."

खाली दाबाची हवा घेतो, तिच्यातला वायू रक्तात विरतो. लवकर उंच गेलं, हवा विरळ झाली की त्याचे बुडबुडे होतात. सांध्यात, मज्जारज्जूत. तहानलेल्या माणसाला धोका जास्त. माणूस लुळा पडू शकतो.

अमृत म्हणाला, "प्राध्यापक बाई, कळसूबाईला विमानतळ कधी झाला?"

उद्याची डुबकी झाली की त्याला प्रमाणपत्र. तो सोडणार नाही. मी नाही उतरले तर त्याची जोडी कुणा अनोळखी माणसाशी लावतील. मी उतरणार.

८ ऑक्टोबर, गावी

सगळ्यांत खोल आज सकाळी गेलो. वर आलो, ओले कपडे पिशवीत कोंबले आणि निघालो.

फोंडा घाटात प्रत्येक वळणावर त्याच्याकडे बघत होते.

"खांदा दुखतोय?"

"दुखेल आता. तू विचारून विचारून दुखवशील."

पुढे कोल्हापूर, पुणे, संगमनेर. आमचं राहतं घर मागे टाकून तसेच गावी आलो. वाटेत त्याला तीन बाटल्या पाणी पाजलं.

जेवताना मी सांगून टाकलं, की अमृत उद्या चढणार नाही. सासूबाईंचा हात परातीत थांबला.

"पान्याचा न् डोंगराचा काय संबंद?"

चुलत दीर अजिनाथ ओसरीवरून म्हणाला, "वहिनी, आमी हिरीत उड्या मारतो अन् तसंच वर गुरं नेतो. आमाला कदी काय झालं न्हाई. शिकलेल्यांचं रगत येगळं असतं व्हय?"

"विहिरीत तुम्ही वरचाच श्वास धरून जाता, भाऊजी. यांनी तळाशी टाकीतली हवा घेतलीय. चार दिवस."

मग सासूबाई म्हणाल्या, "माळ चुकायची न्हाई. त्यो न्हाई तर तू जा."

मी इतक्या लगेच हो म्हटलं की त्यांना हसू आलं. "बगा, कशी राखती नवऱ्याला."

अमृतनं विचारलं, "झेपेल तुला? शिड्या आहेत." एवढंच. त्याचा चेहरा उतरला होता. डोंगर हुकला म्हणून.

घाट चढल्यापासून नव्हे, मालवणपासूनची धास्ती आत्ता गेली. भाकरीची चव लागली.

९ ऑक्टोबर, पहाटे

निघते. अजिनाथ बरोबर येतोय. सासूबाईंनी तेलाची बाटली ओटीत दिली आणि माझ्या पिशवीतली पाण्याची काढून घेतली. "दर्शन होऊ दे, मग पी."

अमृत झोपलाय. त्याची बोटं एकेक दाबून बघितली. प्रत्येक वेळी त्यानं हात ओढून घेतला. सगळं ठीक आहे.

९ ऑक्टोबर, बारी, पायथ्याशी

तेल घातलं. उतरताना शिडीची पायरी उजव्या पायाला लागेना. म्हणजे पाय पायरीवर होता, मला कळत नव्हतं. अजिनाथनं आणि एका चहावाल्यानं धरून खाली आणलं. अजिनाथ म्हणतो, "उपास बाधला, वहिनी. घोटभर घ्या." घेतलं. पाय तसाच. अजिनाथ गाडी आणायला गेलाय.

मालवणहून फोन आला. आमचे शिक्षक. सहज चौकशी — डोंगरावर तर नाही ना गेलात?

"नाही, नाही," मी म्हटलं. "अमृत घरीच आहे. अगदी बरा आहे."

"आणि तुम्ही?"