रिलेतली तिसरी

पतियाळा,
९ एप्रिल

ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही आधी दाराकडे बघाल, कोणी आलं तर नाही ना म्हणून. तेव्हा पहिल्याच ओळीत सांगते, मला काही मागायचं नाही. हर्षल आणि मी कोर्टातून वेगळे होऊन बाहेर पडलो त्याला दीड वर्ष झालं, आणि तेव्हापासून तुमचं-माझं बोलणं नाही. फोन करून काय उपयोग? तुमचे कान तापात गेले ते गेले, आणि कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून तुम्ही अजूनही डाळीच्या डब्यातच ठेवत असाल. म्हणून हे पत्र. वर 'आई' लिहू की 'लंकाबाई', यात सकाळ गेली. दुसरं काही लिहायला हात वळेना. चुकलं असेल तर कळवा.

बातमी अशी की भारताच्या रिले संघासाठी सहा मुली निवडल्या, त्यात मी आहे. चौघींनी शंभर-शंभर मीटर धावायचं आणि हातातली नळी पुढचीला द्यायची. दोघी राखीव. मी तिसरी धावते, म्हणजे वळणावर. मेच्या अखेरीला ताश्कंदला आशियाई स्पर्धा आहे. मनमाडच्या रेल्वे ऑफिसातून रजा मंजूर झाली. साहेब फोनवर पेढे मागत होते, म्हटलं आल्यावर.

इथे शिबिरात खाणं-पिणं, झोप, सगळं वेळेवर असतं. खोलीत केरळची जिस्मी आहे, ती शेवटची धावते. तिचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे भांडण होत नाही. रविवारी दुपारी मुली गॅलरीत ओळीने बसून घरी व्हिडिओ कॉल लावतात. कुणाची आई रडते, कुणाचा भाऊ नवीन वासरू दाखवतो. मी तेवढ्या वेळात बूट धुवायला नेते. आमचे कोच सर परवा विचारत होते, नवे घेतलेस का म्हणून. बाबा गेल्यावर माहेर म्हणजे दादा, आणि निकालानंतर दादा फोन उचलत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

कांदा चाळीत भरून झाला का? गुडघा कसा आहे? चहात साखर कमी केली असेल यावर माझा विश्वास नाही, तरी विचारते.

तुमच्या मायेची सवय लागली आहे, ती मोडायला लावू नका.

तुमची,
योगिनी


सायखेडा,
२१ एप्रिल

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

आधी सवयीनं चि. सौ. लिहिलं, मग खोडलं. खोडलेलं तुला दिसंलच. कागद फाडून दुसरा घ्यायचा जीव झाला नाय, रागावू नको.

आई लिहिलंस ते बरोबर हाय. कोर्टाच्या कागदावर तुम्हा दोघांची नावं होती. मला कुणी सही मागितली नाय.

कांदा भरला. यंदा ऊन लय हाय, दुपारी गोदावरीकडनं वारा येतो तो पण भट्टीसारखा. गुडघा हाय तसाच. साखर हाय तेवढीच, तू लांबून मोजू नको. शंभर मीटर म्हणजे आपल्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंत, स्नेहानं सांगितलं. स्नेहा म्हणजे आपल्या शेजारी नवीन राहायला आलेली, अंगणवाडीत काम करते. मी म्हटलं, एवढ्यासाठी विमानानं नेतात व्हय? लय हसली.

आता एक गोष्ट दुसऱ्याकडनं ऐकण्यापरीस माझ्याकडनं ऐक. हर्षलचं दुसरं लग्न झालं ते तुला कळलं असंल. त्याच्या बायकोला, तृप्तीला, दिवस गेलेत. मे महिन्यात मोकळी होईल. तिला आई नाय, लहानपणीच गेली, म्हणून बाळंतपणाला माझ्याकडं आलीय. हर्षल सातपूरला कंपनीत, शनिवारी येतो. पोरगी वाईट नाय गं. पण गप असती. बोलली तरी खाली मान घालून, मग मला ओठ दिसत नायत आणि काय कळत नाय. तू कशी समोर येऊन, माझी हनुवटी वर करून बोलायचीस. आता घरात दोघी बायका, आणि दिवस दिवस कुणाचा आवाज नाय.

पोटभर जेव. उन्हात टोपी घाल.

माया हाय ती हाय, तू पण राहू दे.

तुझी,
आई


पतियाळा,
४ मे

ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बाळाची बातमी वाचून आनंद झाला असं लगेच लिहिणार होते, पण तुमच्याशी खोटं कशाला? त्या दिवशी सरावात दोनदा नळी पडली. सर ओरडले. आता आठवड्याने खरोखर लिहू शकते, की सगळं नीट होऊ दे.

तृप्ती गप्प राहते त्याचं वाईट वाटून घेऊ नका. नव्या घरात, आधीच्या सुनेने लावलेल्या खुंट्यांवर आपली साडी टांगायची, तर बोलणार तरी काय? तुम्हीच सुरुवात करा. तापानंतर तुम्ही चार लोकांत बोलायला लाजता. आवाज फार मोठा निघतो असं तुम्हाला वाटतं. निघू दे. तिला बरं वाटेल.

हर्षलवर माझा राग नाही. शिबिर की घर, एक काय ते ठरव, असं तो म्हणाला. मी दोन्ही म्हणाले. धावून धावून शेवटी मिळणार काय, हे त्याचं वाक्य मात्र अजून कधीकधी आडवं येतं, विशेषतः पहाटे, बूट बांधताना.

सराव चांगला चालला आहे. जिस्मी मागे न बघता सुटते आणि हात मागे करते. मी ओरडायचं आणि नळी तिच्या तळव्यात ठेवायची. ती पुढे निघून जाते, लोक तिच्याकडे बघत असतात, आणि मी वळणापाशी कमरेवर हात ठेवून उभी. तिथून शेवट नीट दिसतसुद्धा नाही. काल वाटलं, ताश्कंदला तिथे उभी असताना मी कुणाचा विचार करीन? तुमचा करते म्हटलं तर चालेल ना?

प्रकृतीला जपा. मला विसरू नका एवढंच मागणं.

तुमची,
योगिनी


सायखेडा,
१७ मे

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

थोडंच लिहिते, बाळंतिणीचा शेक राहिलाय. तृप्तीला मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत. नाक आमच्या घरातलं हाय.

तुझं पत्र हर्षलला माझ्या उशाखाली सापडलं. ओरडला नाय. समोर बसून, मला ओठ दिसतील असं हळूहळू म्हणाला की हे बंद कर. तृप्तीच्या मनाला लागंल, दूध आटंल. त्याचं पण चुकतं असं मला म्हणता येईना. तेव्हा आता घरच्या पत्त्यावर धाडू नको. अगदीच अडलं तर स्नेहाच्या नावानं अंगणवाडीत. मी लिहीन का नाय, सांगता येत नाय. वाट बघू नको.

स्पर्धा स्नेहाच्या मोबाइलवर दिसते म्हणे. बघीन.

कोरडा कागद म्हणून माया कोरडी समजू नको.

तुझी,
आई


पतियाळा,
३ जून

ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवते आहे. हे अडलेलंच काम आहे असं समजा.

शनिवारी सकाळच्या फेरीत मी धावले. वळणाच्या मध्यावर मांडी मागून आखडली. थांबले नाही. जिस्मीच्या हातात नळी गेली आणि आम्ही फायनलला पोचलो. मुलींनी मिठ्या मारल्या. जेवायला बसलो तेव्हा सर शेजारी आले आणि म्हणाले की संध्याकाळी माझ्या जागी मोनिका धावेल. मोनिका हरियाणाची, एकोणीस वर्षांची, माझ्याच उंचीची. मी बरं म्हणाले. ताटातला भात संपवला. मग नळी देताना नेमकं कधी ओरडायचं ते तिला दाखवलं, कारण जिस्मी कधी सुटते हे मलाच नीट माहीत होतं.

फायनल मी वर प्रेक्षकांत बसून पाहिली. आजूबाजूला सगळे तिकडचे लोक, एक आजीबाई मला सुकी जर्दाळू देत होत्या. मोनिका फार छान धावली. तिसऱ्या क्रमांकावर आलो, कांस्यपदक. मी उभी राहून ओरडले, आणि आपण कोणत्या भाषेत ओरडतोय हे कळणारं तिथे कोणी नाही असं वाटून खाली बसले. चौघी पदकाच्या पायऱ्यांवर चढल्या. सकाळी धावलेल्यांनाही पदक मिळतं. माझं मॅनेजर मॅडमनी बसमध्ये चढताना डब्यासकट हातात दिलं.

बसपाशी सगळ्या घरी फोन लावत होत्या. माझा अंगठा तुमच्या नंबरवर गेला. तुम्हाला ऐकू येणार नाही हे ठाऊक असून. तृप्तीने उचलला. मी नाव सांगितलं. वाटलं, ठेवणार. मग म्हणाली की थांबा, आईंना देते.

आणि तुमचा आवाज आला. तुला काय बोलायचं ते राहू दे, मला ऐकू येत नाय, मीच बोलते, असं म्हणालात आणि बोलत सुटलात. सगळ्यांनी बघितलं, तिसरी तूच होतीस, वळणावर दोघींना मागं टाकलंस, अंगावर काटा आला, असं. मी दोनदा मोठ्याने ओरडले की आई, ती मी नव्हते. बसमधल्या मुली वळून बघायला लागल्या. मग मी बोलणं सोडलं आणि नुसती ऐकत राहिले. तुम्ही इतकं भरभरून बोललेलं मी चार वर्षांत ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर पदकाचा डबा न उघडता बॅगेत टाकला.

ते कौतुक मोनिकाचं आहे. माझ्याकडे चुकून आलं. तुमच्या मनात खोटं चित्र राहू नये म्हणून लिहिलं, नाहीतर त्रास दिला नसता.

उत्तर आलं नाही तरी तुमच्यावर रुसणार नाही.

तुमची,
योगिनी


सायखेडा,
१४ जून

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

स्नेहानं पत्र आणून दिलं. मांडीला गरम तेल लाव आणि आठ दिवस पळू नको. माझं ऐकणार नायस, तरी लिहिते.

तू सांगितलंस तसं तृप्तीशी बोलून बघितलं. आता पोरीला पाजताना माझ्यासमोर बसती, तोंड वर करून. फोन दिला म्हणून हर्षल तिला काय बोलला का विचारलं, तर नाय म्हणाली. सव्वा महिना झाला की तो दोघींना सातपूरला नेणार. मग घर रिकामं. तेव्हा तू ये, असं लिहायला घेतलं होतं. पण गाव काय म्हणंल, हर्षल काय म्हणंल, आणि तू दारात आलीस तर तुला पाहुणी म्हणून पाणी देऊ का काय करू, मलाच उमजंना. म्हणून लिहीत नाय. मनमाडला कामावर आलीस की कळव. स्नेहा मला एसटीत बसवून देते म्हणाली. दोन दिवस तुझ्या क्वार्टरात राहीन. चटई असली तरी चालंल.

आता त्या फोनचं.

ती तू नव्हतीस हे मला तिनं नळी घेतल्या घेतल्या कळलं. चार वर्षं पहाटे दारातनं तुला कालव्याच्या रस्त्यानं पळताना बघितलंय. तुझा डावा खांदा जरा वर असतो. त्या पोरीचे दोन्ही सरळ. स्नेहा ओरडत होती आपली योगिनी म्हणून, तृप्ती पोरीला घेऊन उभीच राहिली. मी मागच्या लोकांत तुला शोधत होते. मनात आलं, मग माझी कुठं बसली असंल?

मग जरा वेळानं तुझा फोन. शनिवार होता. हर्षल दारात उभा. धावून धावून शेवटी काय मिळणार, असं तो याच दारात उभा राहून तुला म्हणाला होता, ओठ मला दिसले होते. त्याच्यासमोर, तू धावली नायस, हे माझ्या तोंडातनं निघणार नव्हतं. म्हणून मोठ्यानं बोलले. ते सगळं तुला सांगत नव्हते गं, त्याला ऐकवत होते. तू तिकडं कानाला फोन लावून काय ऐकत असशील, हे ध्यानात आलं तेव्हा फोन बंद झाला होता. त्याचं मला लय लागलं.

तुझं कौतुक मी कधी तोंडावर केलं नाय. तेवढं पण दुसरीच्या नावावर गेलं.

फोन ठेवला तर हर्षल आत आला. माझ्यासमोर बसला आणि काय तरी बोलला. मी त्याच्या ओठांकडं बघितलं नाय. पोरीचं टोपडं सारखं करत बसले.

तुझ्यावर जीव हाय, तो कमी होईल असं मनात आणू नको.

तुझी,
आई