खामगावात न आलेला ठसका

देऊळगाव राजा,
९ मार्च १९६४

श्री. किसनराव यांस भाऊरावचा रामराम, आणि सौ. वच्छलावहिनींना नमस्कार. तुमची गुडघेदुखी, वहिनींचे डोळे आणि वरवटातली पाण्याची तंगी ही सगळी बरी असावीत (तंगी बरी कशी असेल, पण पत्राला एकदा सुरुवात केली की माझा हात थांबत नाही). इकडे मी ठीक आहे. घरातल्या बाकीच्यांबद्दल, म्हणजे एकट्या सौ. जनकाबाईंबद्दल, खाली येईलच.

तुमच्या भगिनी आणि आमच्या भिंतीपलीकडच्या शेजारीण बनाबाई आठ दिवसांपासून तुमच्याकडे आहेत, आणि त्या भाऊरावाच्या शेजारात पुन्हा पाय ठेवणार नाही असं सांगत असतील. तुम्ही एकच बाजू ऐकून मत करून घेऊ नये, एवढ्यासाठीच हे पत्र. माझं मागणं काही नाही.

आमच्या जनकाबाईंचा रंजका तुम्ही खाल्लेला आहे. ओल्या लाल मिरच्या पाट्यावर वाटून, तेलात लसूण घालून परतून, लिंबू पिळून त्या दरवर्षी चार बरण्या करतात, आणि होळीच्या आत त्या बरण्या सोयऱ्याधायऱ्यांत वाटल्या जातात. यंदा खामगावचे हिंमतराव बालाजीच्या दर्शनाला आले होते. त्यांची तिकडे तेलाची गिरणी आहे. आमच्या कापडदुकानात धोतरजोडी घेतली, बोलता बोलता घरी जेवायला आले आणि रंजक्याशी चार भाकरी खाऊन म्हणाले, कढया माझ्या, माणसं माझी, बाटल्या माझ्या. तुम्ही फक्त कृती द्या, मी पाचशे बाटल्या करून देतो, वर नाव जनकाबाईंचं. जनकाबाईंचं नाव आजवर रेशनकार्डाशिवाय कुठे छापलेलं नव्हतं. त्या दिवशी मला दुपारी न मागता चहा मिळाला.

आता कृती लिहायची. दुकानात गज जाऊन मीटर आल्यापासून मला मोजमापाचा नाद लागला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे (बनाबाई त्याला वेड म्हणतात). वही, पेन्सिल, मनगटावर घड्याळ असा मी चुलीपाशी बसलो. मिरची किती, मीठ किती, सगळं किलोत उतरवलं. पण परतायचं किती वेळ, हे विचारलं तर बाई कढईकडे पाठ करून लसूण सोलत बसलेल्या. म्हणाल्या, "पह्यला ठसका आला का लसूण टाकाचा. दुसऱ्याले लाकडं मांगं घ्याचे. अन् बनी शिव्या द्याले लागली, का कढई उतरवाची." आमच्या दोन घरांमधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नाही, वर हातभर मोकळी आहे. बावीस वर्षं इकडचा खमंग वास तिकडे जातो आणि तिकडचा ठसका इकडे येतो. मग दोन ठसके आले, लसूण पडला, लाकडं मागे सरली, आणि पलीकडून आवाज आलाच, "जनके, जीव घेतं का वं माहा?" आणि यांनी कढई उतरवली. रंग असा आला होता की मी वहीत वेळेपुढे फक्त "बनाबाई" एवढंच लिहिलं.

तेव्हा बनाबाईंना खामगावला नेणं भाग होतं. त्या आधी नाही म्हणाल्या, मग नवं लुगडं नेसून आमच्याआधी गाडीच्या थांब्यावर जाऊन बसल्या. चिखलीला गाडी बदलून आम्ही दुपारी गिरणीत पोचलो. हिंमतरावांनी मान ठेवण्यात कसर केली नाही. बनाबाईंना कढईच्या समोर खुर्ची, कपबशीत चहा, हिंमतरावांच्या मंडळींनी येऊन विचारपूस केली. कढई गावजेवणाची, खाली बाभळीची लाकडं, आत चाळीस किलो मिरची. जनकाबाई सवयीप्रमाणे पाठ करून लसूण सोलायला बसल्या आणि आम्ही सगळे बनाबाईंच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. गिरणीतली माणसं एकेक करून खोकत बाहेर गेली, पण त्यांचा खोकला आमच्या कृतीत नव्हता. बनाबाई मात्र पदर तोंडावर धरून ताठ बसलेल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मला वाटलं, मानपान पाहून बाईंना भरून आलं. धूर पांढरा होता तो पिवळा झाला, पिवळ्याचा काळा झाला, लसूण तसाच सोललेला राहिला, आणि कढईत जे उरलं ते बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून चाललं असतं.

हिंमतरावांनी बिचाऱ्यांनी अदबीनं विचारलं, "काऊन हो बाई, ठसका नाही आला?" तर म्हणाल्या, "लोकायच्या घरी पाहुणी म्हून आली, खुर्चीवर बसली, च्या पेली, अन् तोंड वासून ठसकू? बरं दिसते का थे?"

इथे मी एक वाक्य बोललो. बावीस वर्षं कुणी न बोलावता ठसकलात आणि बोलावून आणलं त्या दिवशी तोंड शिवलंत, एवढंच. आवाज जरा मोठा होता, गिरणीच्या आवाजामुळे (गिरणी तेव्हा बंद होती, हे बनाबाईंनी तुम्हाला सांगितलंच असेल). परतताना त्या गाडीत पुढे बसल्या, आम्ही मागे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला कुलूप. आम्ही गिरणीतून निघण्याआधी हिंमतराव तर म्हणत होते, हाच माल "काळा रंजका" म्हणून भरू, लोकांना नवं वाटेल. बाटल्यांवर लावायला त्यांनी छापून ठेवलेला नावाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा जनकाबाईंनी उचलला आणि भट्टीत टाकला. म्हणाल्या, "माह्या नावानं जळकं जाणार नाही." त्या दिवसापासून त्यांचं माझ्याशी बोलणं बंद आहे.

तर हकिकत ही अशी. दोष कोणाचा, ते तुम्ही सुज्ञ आहात. वहिनींना पुन्हा नमस्कार.

आपला,
भाऊराव

ता. क. हिंमतराव पुन्हा एक कढई चढवायला तयार आहेत. मधे बांबूचा तट्ट्या उभा करू, पलीकडे बनाबाई एकट्या बसतील, चहा मिळणार नाही, कोणी नमस्कार करणार नाही, आणि गिरणीच्या मालकासकट कोणालाही शिवी द्यायची मुभा राहील. असं त्यांनी पोस्टकार्डावर सही करून कळवलं आहे. बाईंच्या कानावर घालावं.

ता. क. दुसरा. वरचं कानावर घालू नका. खरं सांगायचं तर गिरणीचं काही अडलेलं नाही. परवा जनकाबाईंनी घरी वाटीभरच रंजका करायला घेतला. कढई चुलीवर ठेवली आणि भिंतीकडे बघत बसल्या. मी दारात उभा होतो. मिरची करपली तरी उठल्या नाहीत. नंतर कोरडी भाकरी मोडत एकदाच म्हणाल्या, "माहेरच्या बोलीत बोलाले या गावात थेच एक होती." तुमच्या भागातल्या या दोघी, बावीस वर्षांत एकदाही एकमेकींशी गोड बोललेल्या मी ऐकल्या नाहीत. आपल्याला काय कळतं, किसनराव. बनाबाईंना पाठवून द्या.

ता. क. तिसरा. पाकिटाला खळ मागायला आत गेलो तर घरात कोणी नाही. समोरच्या रुखमाबाई म्हणाल्या, जनकाबाई पहाटेच्या गाडीनं वरवटाला गेल्या, आणि बनी आली तर येतो, नाही तर तिथंच राहतो असं सांगून गेल्या. मी त्यांना ओळखतो, त्या राहतील. तेव्हा उद्याच्या गाडीनं मी येतो आहे. चूक माझी होती. खामगावला चारचौघांत जेवढ्या मोठ्यानं बोललो, तेवढ्याच मोठ्यानं तुमच्या ओसरीवर माफी मागीन. हे पत्र पोस्टात न टाकता सोबतच आणतो. आयत्या वेळी तोंडातून शब्द फुटला नाही, तर बनाबाईंच्या हातात देईन. तुम्ही त्यांना वाचून दाखवा, पण फक्त हा शेवटचा ता. क. तेवढा.