बोलू नका, टाचा

३ मार्च

चि. मुंगीस,

मोठ्या मावशीचे आशीर्वाद, लागतील तितके. वि. वि. इकडे सगळं ठीक. तिकडचं कळायला तू फोन उचलायला हवास. सोमवारपासून अकरा वेळा लावला. वाजून वाजून गप्प होतो. शेवटी पाठकोरे कागद घेऊन बसले. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नकोस.

तुझ्या आईकडून कळलं की तू डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलीस आणि त्यांनी ऑटिझम आहे म्हणून लिहून दिलं. चौतिसाव्या वर्षी. मी म्हटलं, पोरगी जन्मापासून अशीच आहे, आता त्याचा कागद कशाला? चांगली हिंडतेफिरतेस, कमावतेस. नाटकघराच्या शिवणखात्यात तुला कापायचं टेबल मिळालं तेव्हा मी गल्लीभर सांगत फिरले होते. तुझ्यासारखी कात्री चालवणारी मी पाहिली नाही, आणि शिकवली मीच.

आता आई म्हणते ते टेबल जाणार, तुला इस्त्रीवर पाठवणार. का? ती रडते, धड सांगत नाही. तू सांग. दोन वाक्यांत सांग, पण फोनवर सांग. मी मशीनवर बसते आणि उठते, बसते आणि उठते. काल एकच बाही दोनदा उसवली.

कळावे. लोभ आहेच, तो कमी करायला मला सवड नाही.

तुझी,
मोठी मावशी


८ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. फोन वाजत होता तेव्हा मी शेजारीच बसले होते. अकराही वेळा. रागावू नकोस, मी पत्रात नीट सांगते.

गेल्या महिन्यात राजाच्या कोटाची ट्रायल होती. नट कोट घालून मध्ये उभा, मागे चार मशीनं चालू, आणि खात्याच्या मॅडम एका दमात नऊ बदल बोलल्या. मी नऊ वेळा हो म्हटलं. दोन बदल केले. बाकीचे सात माझ्यापर्यंत आलेच नाहीत. प्रयोगाच्या दिवशी राजाला हात वर करता येईना, तलवार बरगडीला चिकटवूनच लढला. लोक हसले. मॅडम म्हणाल्या, तुझं लक्ष नसतं.

लक्ष असतं, मावशी. कान ठणठणीत आहेत, तपासून झाले. बॉबिनचा दोरा संपला की काय होतं? सुई खालीवर होते, खडखड येते, कापड पुढे सरकतं, आणि टाका एकही पडत नाही. माणसं बोलतात तेव्हा माझं तसं होतं. आवाज सगळा येतो. अर्थ मागाहून येतो, तोवर ते माणूस दोन वाक्यं पुढे गेलेलं असतं. परत सांगा म्हटलं तर ते मोठ्याने सांगतात आणि वेगळ्या शब्दांत सांगतात, म्हणजे मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून मी हो म्हणते. हो म्हटलं की माणसं थांबतात.

कागदाचं विचारलंस. तो वाचून मला पहिल्यांदा वाटलं की मी आळशीही नाही आणि मठ्ठही नाही. तेवढ्यासाठी कागद.

मॅडमना हे लिहून द्यायचं आहे. चार वेळा लिहिलं, चार वेळा पर्समध्येच राहिलं. देईन. तू काही करू नकोस.

लोभ असू दे, फक्त जरा हळू आवाजात.

तुझी,
मुंगी


१२ मार्च

चि. मुंगीस,

आशीर्वाद. वि. वि. पत्र वाचलं. अर्धं कळलं. राजाचं वाचून हसू आलं, त्याबद्दल माफी.

चार वेळा लिहून पर्समध्ये, हे काय गं? लग्नाची मागणी घालायची आहे का मॅडमना? असली कामं मनात घोळवली की आंबतात. तुझ्या आईकडून नंबर घेतला आणि सरळ मॅडमना फोन लावला. बाई बऱ्या वाटल्या. मी सांगितलं की आमच्या मुलीला बोललेलं जरा उशिरा पोचतं, तेव्हा जवळ जाऊन मोठ्याने सांगत जा, आणि एकदा नाही, तीनतीनदा सांगत जा. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. पाच मिनिटांत काम झालं. तू महिनाभर घोळ घातला असतास.

आता बिनघोर कापत बस. आणि फोन उचल.

कळावे. माया तेवढीच, वर पाच मिनिटांची.

तुझी,
मोठी मावशी


१६ मार्च

ती. मावशीस,

सा. न. काही करू नकोस असं मी लिहिलं होतं. ते वाक्य पुन्हा वाच.

आता मॅडम माझ्या खांद्याशी उभं राहून ओरडतात. प्रत्येक गोष्ट तीनदा, तीन तऱ्हांनी. तिसरी ऐकेपर्यंत पहिलीही हातातून जाते. सगळं खातं मान वर करून बघतं. बटणवाल्या बाई माझ्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलायला लागल्या आहेत. काल त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून बाजूला ठेवली, लागेल म्हणून. माझी कात्री.

२४ तारखेला नव्या नाटकाच्या पहिल्या कोटाची ट्रायल आहे. मॅडम तेव्हा बदल सांगतील. एक जरी राहिला तरी टेबल दुसरीला, मी इस्त्रीवर. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, त्यामुळे नक्की आहे.

आता काही दिवस लिहिणार नाही. आईलाही सांग.

मुंगी


१९ मार्च

चि. मुंगीस,

आशीर्वाद. तू लिहिणार नाहीस, मी तर लिहू शकते.

पत्र आल्यापासून घरात येरझारा चालू आहेत. पहिल्या दिवशी तुझा राग आला. दुसऱ्या दिवशी मॅडमचा. आज रागवायला माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलं नाही. कात्रीचं वाचलं तिथे माझा हात थांबला. शिंप्याच्या हातातली कात्री कुणी काढून घेत नाही.

हाताला चाळा म्हणून वरच्या फळीवरचे डबे उतरवले. एकात जुन्या चिठ्ठ्या निघाल्या. तुला आठवतं? दुकानात तेव्हा सहा मशीनं चालायची. त्या गोंधळात बोललेलं कुणाला कळणार? म्हणून प्रत्येक कपड्याला काम लिहून चिठ्ठी टाचायची, हा आपला नियम. बोलायचं नाही, टाचायचं. तुझे काका आणि मी दिवसभर एक शब्द बोलायचो नाही, आणि लोक म्हणायचे काय संसार आहे.

तू मोठ्या टेबलाखाली चिंध्यांत बसलेली असायचीस. आई हाका मारमारून दमायची, तुला बहिरी समजायची. मला ओरडायला वेळ नव्हता. मी तुझ्या फ्रॉकच्या झालरीला चिठ्ठी टाचून द्यायचे. हात धू. जेवायला ये. त्यातलीच एक या डब्यात सापडली, अजून टाचणीची भोकं आहेत. तू वाचायचीस आणि लगेच उठायचीस. एकदाही चुकली नाहीस. शाळेत जायच्या आधी तू वाचायला शिकलीस ती अशी.

म्हणजे मला तीस वर्षांपूर्वी माहीत होतं, मुंगे. हाताला माहीत होतं, डोक्यापर्यंत आलं नाही. तुझ्या भाषेत, मागाहून आलं.

फोन करायला नको होता. तुझं वाक्य मी वाचलं होतं, आणि तरीही केला. सोबत कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि टाचण्यांची डबी आहे. मॅडमना एक पत्रही लिहिलं आहे, पाकीट उघडंच ठेवलंय. वाच, आणि द्यायचं तर दे, फाडायचं तर फाड. या वेळी तुला विचारल्याशिवाय मी बोटही हलवत नाही. हे किती जड जातंय ते मशीनला विचार.

लोभ आहे. आज जरा खाली मान घालून आहे.

तुझी,
मोठी मावशी


२५ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मॅडमना दिलं नाही. फाडलंही नाही, ठेवून घेतलं आहे. त्यात तू ‘कृपया’ तीन तऱ्हांनी लिहिलंस.

काल ट्रायलला सेनापतीचं काम करणारा नट कोट घालून उभा राहिला. मॅडम माझ्या खांद्याशी आल्या, श्वास घेतला. मी टाचण्यांची डबी आणि गठ्ठा त्यांच्या हातात दिला. आदल्या रात्री सहा वाक्यं पाठ केली होती, त्यातली पाच विसरले. एक म्हटलं. “मॅडम, बोलू नका, टाचा.”

मॅडम लाल झाल्या. म्हणाल्या, माझ्याकडे लिहीत बसायला वेळ आहे का? हे मला लगेच कळलं, कारण मशीनं थांबली होती. मी पहिली चिठ्ठी काढून पेन पुढे केलं. हात मागे घेतला नाही. त्यांनी पेन घेतलं. मग लिहिलं, टाचलं. मग दुसरी. आठवी चिठ्ठी टाचल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या की राजाच्या कोटाच्या वेळी कॉलरचं मीच बोलले नव्हते बहुतेक. शेवटी सेनापतीच्या अंगावर चौदा चिठ्ठ्या होत्या. तो म्हणाला, माझा लिलाव आहे का?

सहापर्यंत चौदाही बदल झाले. मॅडमनी एकेक चिठ्ठी काढून ताडून पाहिली आणि गठ्ठा स्वतःच्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, बोट दुखतं, पण चालेल. टेबल या हंगामापुरतं माझं आहे. पुढचं माहीत नाही. बटणवाल्या बाई अजून तशाच बोलतात. कात्रीला मात्र हात लावत नाहीत.

फोनचं. मला तुझा आवाज आवडतो, मावशी, फक्त त्यातून काही शिवलं जात नाही. एक सुचवू? काय बोलणार ते आधी लिहून पाठव. रविवारी अकराला फोन कर आणि तेवढंच बोल. मी कागद समोर ठेवून ऐकेन.

लोभ वाढला आहे, तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझी,
मुंगी


२८ मार्च

चि. मुंगीस,

आशीर्वाद. वि. वि. हा असला नखरा माझ्याकडून आजवर कुणी करून घेतला नव्हता. असो. रविवारी अकराला मी काय बोलणार ते खाली लिहिते. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही.

मुंगे, मी मोठी मावशी. माझा गुडघा बरा आहे. तुझी आई बरी आहे, आता रडत नाही, सगळ्यांना चौदा चिठ्ठ्यांची गोष्ट सांगते आणि आकडा रोज वाढवते, काल बावीस झाल्या होत्या. तू डबी पुढे केलीस ते वाचून मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. कारण विचारू नकोस. मला आनंद झाला.

एवढं म्हणून मी थांबेन. पुढे काही लिहिलेलं नाही. तुला वाटलं तर बोल, नाहीतर बोलू नकोस. मी फोन ठेवणार नाही, मशीन चालू करून शिवत बसेन. तो आवाज तू ओळखतेस. त्यात कळून घ्यायचं काही नसतं.

कळावे,
तुझी,
मोठी मावशी