डिस्क सापडत नाही

बुधवार, तारीख आठ

माझ्या खारुताईस आजीचे पोटभर आशीर्वाद. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो, मी माझ्या. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे.

आपल्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर तू पाठवलेल्या पेनड्राइव्हमधली ती नवी प्रणाली, लिनक्स, सुरू झाली, पडद्यावर तिचा पेंग्विन आला, तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या. शेजारचे घड्याळवाले भाऊजी म्हणाले, “वहिनी, उतावळी नवरी गुडघ्याला बाशिंग, आणि तुमचा तर गुडघाही धड नाही.”

मग घोडं अडलं. यंत्राला सगळं साठवून ठेवणारी आतली डिस्कच दिसेना. तीन दिवस तू फोनवर सांगतेस, भाऊजी बटणं दाबतात. ही सेटिंग बदला, पुन्हा सुरू करा. दर वेळी तेच, डिस्क सापडत नाही. त्या निमित्ताने तू रोज बोलतेस म्हणून मी आतून खुशीत होते, खोटं कशाला बोलू.

काल मात्र भाऊजी म्हणाले, “डिस्क मेली. रविवारी नवी बसवतो, ही भंगारात.” म्हणून आज हे लिहायला बसले.

डिस्क मेलेली नाही गं.

पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, “आजी, जुनं सगळं पुसून नवीन घालायचं, मग माझं तोंड बघत बोलता येईल.” पण त्यात तुझे आजोबा आहेत. तुला वाटायचं, तुझी पत्रं मी वाचते. मला कुठलं येत होतं? ते मोठ्याने वाचून आपला आवाज यंत्रात भरून ठेवायचे. मध्येच खोकला, मध्येच “थांब, चष्मा पुसतो.” ते गेल्यावर, यंत्र बंद पडेपर्यंत, मी रोज दुपारी ते वाचन लावायचे आणि त्यांच्या आवाजामागून तुझ्या कागदावर बोट फिरवायचे. अशी शिकले मी हे चार शब्द.

यंत्रातली धूळ झटकताना ते सांगायचे, “डिस्कला जोडणारी ही लाल पट्टी निघाली की यंत्राला डिस्क दिसत नाही.” भाऊजी यायच्या आधी मीच ती ओढून काढली. शिवणाच्या डब्यात आहे.

फोनवर कसं सांगू? फोन भाऊजींचा, आणि ते शेजारीच बसलेले असतात. म्हणून हे जलद टपालाने. रविवारच्या आत फोन करून त्यांना थांबव, कारण काय ते तू शोध. आवाज आधी दुसरीकडे काढता येत असेल तर पट्टी देते. नसेल येत, तर मला नवीन काही नको. तुझं तोंड फोटोत बघेन.

उत्तर मोठ्या अक्षरात लिही. वाचून दाखवणारं आता कोणी नाही.

पट्टी डब्यात आणि जीव मुठीत धरून बसलेली,
तुझी आजी