मे महिन्यातला आपला आठवडा

बसवनगुडी, बेंगळूरु
रविवार, १८ मे २०२५

चि. सौम्या,

अनेक आशीर्वाद. तुझी लेक मनू संध्याकाळी घरी येईल तेव्हा डब्याबरोबर हे पत्र देईल. डब्यात चिरोटे आहेत, वरचे जरा मोडलेत. यांचे गुडघे आहेत तसेच आहेत, माझी साखर बरी आहे. म्हणजे तक्रारीला जागा नाही.

आम्ही गुरुवारी वॉटरपार्कच्या रिसॉर्टहून परतलो. तू आणि प्रणीत वेगळे झाल्यानंतरचा हा पहिलाच मे. तुमच्या लग्नाच्या वर्षी यांनी तिथला दरसालचा एक आठवडा पंचवीस वर्षांसाठी घेऊन ठेवला, तेव्हा तू, नवी सून, हसून मला म्हणाली होतीस, "अत्ते, पाळण्यात बसायला एवढे दिवस कशाला?" पाळण्यात बसतंय कोण. यंदाही कुकर, मिक्सर, मेतकूट, लोणच्याची बरणी असं सगळं घर गाडीत भरलं. एक दिवस हॉटेलचं जेवलो आणि दुसऱ्या दिवशी मी खोलीतच सारभात केला. गॅलरीत पंचे वाळत होते, हे पेपर वाचत होते, आणि समोर सगळं पार्क किंचाळत होतं.

एक चूक मात्र झाली. येणाऱ्यांची नावं आधी कळवायची असतात, त्यात मी सवयीने तुझंही सांगितलं. काउंटरवरच्या मुलीने मनगटाचे पट्टे काढले, एक उरला. तिने विचारलं, "सौम्या मेडम बरलिल्वा?" तू आली नाहीस का, असं. प्रणीत बॅगा उचलून पुढे गेला.

मनूला त्या उंच घसरगुंडीवर जायचं होतं. बरोबर मोठं माणूस लागतं. यांचे गुडघे, प्रणीतला चक्कर, आणि माझं तर विचारूच नकोस. दरवर्षी तूच जायचीस. पोर नुसती खालून बघत राहिली. हट्टसुद्धा केला नाही, तेच मला सोसेना. शेवटी मी उठले. तर रखवालदार म्हणाला, "अम्मा, साडी चालत नाही. नायलॉनच पाहिजे, बेकु." आपल्या सहलीच्या बॅगेत तळाला तुझा पोहण्याचा निळा ड्रेस तसाच राहिला होता. तो चढवला. कमरेत कसा बसला ते विचारू नकोस. यांनी पेपर तोंडासमोर धरला होता, पण पेपर हलत होता.

वर पोचल्यावर मनूला पुढ्यात घेऊन ट्यूबमध्ये बसले. ट्यूब सुटली आणि मी ओरडले. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतं. मी "सौम्या" म्हणून ओरडले, थेट खाली पाण्यात पडेपर्यंत. मनू अजून माझी नक्कल करते.

प्रणीत खाली टॉवेल घेऊन उभा होता. त्याने ऐकलं. संध्याकाळी काकडी चिरताना मान वर न करता म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी तिला बोलाव. मी येत नाही. सरी?"

मीही सरी, बरं, म्हटलं. 'तू पण ये' असं म्हणायचा धीर झाला नाही. इथे लिहायचाही होत नाही. तुम्हा दोघांच्या मध्ये पडायचं नाही असं मी ठरवलंय. तिथे खोल्या दोन आहेत, तेवढंच लिहिते.

मला तुझी आठवण येते, सौम्या. नातीची आई म्हणून नाही. मी फोडणी घालताना शेजारी उभी राहून तू बडबड करायचीस आणि शेंगदाणे संपवायचीस, ती तू मला हवी आहेस.

निळा ड्रेस धुऊन ठेवलाय. कमरेत उसवला होता, बारीक टाके घातलेत. तुझी वस्तू आहे. पाठवा म्हणालीस तर पुढच्या रविवारी मनूबरोबर पाठवीन.

पण ठेवा म्हण.

तुझी,
अत्ते