मालक एक, बाकीचे पाहुणे

प्रिय ठकू,

तू मला न विचारता घरात तीन कॅमेरे वाढवलेस, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. एक बैठकीच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात आणि एक आमच्या झोपायच्या खोलीत, कपाटाच्या वर. घरातले दिवे आणि दारं फोनवरून चालवायची सिस्टीम बसवणाऱ्या कंपनीची इंजिनियर काल सुधारलेला आराखडा आणि कॅमेऱ्यांची खोकी घेऊन आली. हे कुणी सांगितलं असं विचारलं, तर म्हणाली, तुमच्या मुलीने, आणि मला ते ठाऊकच असणार असा चेहरा केला. मला ठाऊक नव्हतं. फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन स्पीकरवर ठेवल्याशिवाय तुझ्या बाबांना चैन पडत नाही. मेसेज पाठवला तर तू अंगठा दाखवून मोकळी होतेस. तेव्हा कागद. एका बैठकीत वाच आणि मध्ये ऑफिसचा फोन घेऊ नकोस.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. या सगळ्या प्रकाराला माझा विरोध नाही. आई जुन्या वळणाची, तिला यंत्रांचं वावडं, असं तू जावयांना सांगत असशील तर ते बंद कर. मी पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळवली तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली होतो, आणि निवृत्त होईपर्यंत टेलिफोन एक्स्चेंज सांभाळलं. वायरीचं मला भय नाही. कुणाच्या हातात टोक आहे, एवढंच मी पाहते.

काम म्हणशील तर बरं चाललं आहे. तुझ्या खोलीचं थिएटर होतंय. खोली चौकोनी असल्यामुळे आवाज घुमतो, असं इंजिनियर पहिल्याच दिवशी म्हणाली. ते पाहण्यासाठी तिने खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली आणि कान टवकारून ऐकत राहिली. मग सरकून दुसरी. तुझे बाबा दारात उभे होते, त्यांनीही वाजवली. मग दोघं कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन टाळ्या वाजवत सुटले. शेवटी शेजारीण विचारायला आली की सत्कार कुणाचा आहे. मागच्या भिंतीला जाड कापडाचे तक्ते लागणार, खाली गालिचा येणार, आणि माणसांच्या बोलण्याचा स्पीकर पडद्याच्या बरोबर मध्ये, कानाच्या उंचीवर. बाबांना हल्ली सिनेमातलं संगीत ऐकू येतं आणि शब्द निसटतात, म्हणून त्यावर मी अडून बसले. खुर्च्या तीन. तिसरी कशाला, असं इंजिनियरने विचारलं, तर बाबा म्हणाले, आमची एक आहे, ती नेहमी मध्यंतरानंतर उगवते, पण उगवते.

ही इंजिनियर तिशीची असेल. बोलघेवडी आहे. प्रत्येक खोलीत तोंडी हुकूम ऐकणारं यंत्र बसवा, असा तिचा आग्रह होता. दिवा लाव म्हटलं की दिवा लागतो, पडदा सार म्हटलं की पडदा सरतो. बाबा म्हणाले, भिंतींना कान होतेच, आता त्या उलट उत्तरंही देणार. जन्मभर लिफ्टच्या कंपनीत घालवलेला माणूस, त्यांचा विश्वास बटणावर. मी ती सगळी यंत्रं खोडली आणि पडद्यांच्या मोटारीही खोडल्या. पडदा सारण्याइतके हात अजून चालतात. तिने तोंड पाडलं, पण लिहून घेतलं. ती आली की बाबा तिला सांगतात, मी आयुष्यभर लोकांना वरखाली केलं, तुम्ही नुसत्या घराला करताय. पहिल्या भेटीत ती खळखळून हसली. दुसऱ्या भेटीतही बाबांनी तेच सांगितलं, तिसऱ्यातही तेच, त्याच शब्दांत, आणि दर वेळी नाव-गाव विचारून. तिसऱ्यांदाही ती तेवढीच हसली. तेव्हापासून मी तिला चहा माझ्या हातचा देते.

पण मुद्द्यावर येते. तिने सिस्टीम चालू करून दाखवली तेव्हा माझ्या फोनवर माझ्या नावापुढे लिहून आलं, पाहुणे. बाबांच्या नावापुढेही पाहुणे. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, या सिस्टीमचा मालक एक असतो, बाकीचे पाहुणे, आणि मालक म्हणून तू तुझा नंबर तिकडून आधीच नोंदवला आहेस. म्हणजे दिवा किती वाजता लागावा, दार कुणाला उघडावं, हे तू ठरवणार आणि आम्ही विनंती करणार. बाबा म्हणाले, चला, भाडेकरू होतो, मालक झालो, आता पाहुणे झालो, बढती चालूच आहे. ते हसले म्हणून मीही हसले. मग इंजिनियरला तिथल्या तिथे बसवून मालकी माझ्या नावावर करून घेतली. तुला त्याचा संदेश आला असेल आणि तू अंगठा दाखवला असशील.

तू हे वाईट हेतूने केलंस असं मी म्हणत नाही. तू लांब आहेस. मागच्या खेपेला आलीस तेव्हा नळ वाहता सापडला, दोनदा गॅस नुसताच चालू सापडला. तू मला स्वयंपाकघरात गाठून विचारलंस की बाबा ठीक आहेत ना, आणि मी सांगितलं की ठणठणीत आहेत. तुझा विश्वास बसला नाही. म्हणून कॅमेरे. मी तुझ्या जागी असते तर मीही स्वस्थ बसले नसते. पण कॅमेरे लावले नसते. यायची तारीख कळवली असती.

आता त्या दिवसाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बटणं कुठे बसवायची हे ठरवण्याची या इंजिनियरची एक रीत आहे. ती कुणाला विचारत नाही. माणसं सांगतात एक आणि हात जातो दुसरीकडे, असं तिचं म्हणणं. ती घरातल्या प्रत्येकाला नेहमीसारखं वावरायला सांगते, बाहेरून आत या, बसा, आत जा, दिवा लावा, आणि स्वतः मागे मागे फिरत, हात जिथे जाईल तिथे भिंतीवर निळी चिकटपट्टी लावते. माझं पटकन आटोपलं. मग बाबा निघाले. बैठकीतून स्वयंपाकघरात गेले, तिथून परत आले, सगळं ठीक. मग ते तुझ्या खोलीत शिरले आणि त्यांचा हात डावीकडे गेला, खांद्याच्याही वर, कोऱ्या भिंतीवर. तुला माहीत आहे, या घरात एकूण एक बटण दाराच्या उजवीकडे आहे. त्यांनी भिंत चाचपली. दाबली. पुन्हा दाबली. मग आमच्याकडे वळून म्हणाले, बल्ब गेलेला दिसतोय, येताना घेऊन येतो.

ते बटण कुठलं, हे तुला सांगून कळणार नाही, तू फार लहान होतीस. आपण भाड्याने राहायचो त्या जागेतलं ते. तू रांगायला लागलीस, मग धरून उभी राहायला लागलीस, आणि दिसेल त्या बटणात बोटं घालायचीस. एका सुट्टीच्या दिवशी बाबांनी स्वतः बोर्ड उचकटला आणि वर नेऊन बसवला, डावीकडे, तुझा हात पोचणार नाही इतका वर. घरमालकाने त्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं. बाबांनी ऐकून घेतलं आणि बोर्ड तसाच ठेवला.

इंजिनियरने त्या कोऱ्या भिंतीवर निळी पट्टी लावली होती. बाबा पुढे गेल्यावर तिने मला हळूच विचारलं, काढू का? मी म्हटलं, राहू दे, तिथे एक बटण बसवा. ती म्हणाली, आराखडा पक्का झालाय, त्या भिंतीत वायर नाही, नव्याने खाच पाडावी लागेल, प्लास्टर पुन्हा करावं लागेल. मी म्हटलं, मग पाडा. आता त्या खोलीत दोन्हीकडे बटणं आहेत आणि दोन्हींनी तोच दिवा लागतो. त्यांचा हात कुठेही गेला तरी उजेड पडतो. मला या सिस्टीमकडून इतकंच हवं होतं.

डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं आहे. हे वय नव्हे, आजार आहे. पुढे वाढणार, मागे फिरणार नाही, औषधाने फार तर आजाराची पावलं मंदावतील. घरी येताना रिक्षात बाबांनी माझ्याकडून शब्द घेतला की ठकीला कळू द्यायचं नाही. मी दिला आणि पाळला. त्याबद्दल तू रागावशील. खुशाल रागव. मी माफी मागणार नाही.

पण कॅमेऱ्यांचं ऐक. एक्स्चेंजमध्ये आमच्या बोर्डावर अशी सोय होती की एक दांडी खाली केली की कुणाचंही बोलणं ऐकता यावं. लाईन नीट चालली आहे का एवढं पाहण्यापुरती. त्या दांडीचा मोह सगळ्यांना व्हायचा. एका मुलीने एकदा कुणा नवरा-बायकोचं भांडण ऐकलं आणि डबा खाताना रंगवून सांगितलं. मी तिला त्याच दिवशी बोर्डावरून उठवलं. ती रडली, म्हणाली, बाई, मी कुणाचं वाईट नाही केलं. खरंच नव्हतं केलं. त्या दोघांना ते कधी कळलंही नसेल. तरीही उठवलं.

तुझे बाबा हल्ली सदरा उलटा घालून बाहेर येतात. स्वयंपाकघरात येऊन उभे राहतात आणि कशाला आलो ते शोधत राहतात. कधी आरशाशी थबकतात. ते मी पाहते, कारण मी तिथे उभी असते. मी म्हणते, पाणी हवं होतं ना, आणि ते म्हणतात, हो, पाणीच. पाहणाऱ्याने त्याच खोलीत उभं असावं लागतं, ठकू. तू तिकडून, मीटिंगच्या मध्ये, हातातल्या पडद्यावर बापाला चाचपडताना पाहणार आणि पाणी कोण देणार? शिवाय हे चित्र एका फोनवरून दुसऱ्यावर जायला कितीसा वेळ लागतो. त्या माणसाने इतकी वर्षं चारचौघांत सदऱ्याची बाहीसुद्धा न दुमडता, टापटिपीत दिवस काढले आहेत. त्याचं घर मी काचेचं होऊ देणार नाही. आराखड्यातले तिन्ही कॅमेरे मी खोडले आहेत आणि वर माझी सही केली आहे.

त्याऐवजी काय घेतलं तेही सांगते, म्हणजे आईने हट्टाने सगळं उडवलं असं तुला वाटायला नको. शेगडी तापून बराच वेळ जवळ कुणी नसेल तर गॅस आपोआप बंद होतो. पलंगावरून पाय खाली टेकले की जमिनीलगतचे दिवे लागतात, थेट न्हाणीघरापर्यंत. न्हाणीघरात कुणी पडलं तर कळवणारं एक यंत्र आहे, त्याला चित्र दिसत नाही, फक्त हालचाल समजते. आणि बाहेरचं दार उघडलं की माझा फोन वाजतो. एका सकाळी ते कपडे करून, बॅग घेऊन ऑफिसला निघाले होते. बसथांब्यावरून इस्त्रीवाल्याने गोड बोलून परत आणलं. त्या दारावर, बाहेरच्या अंगाला, एक कॅमेरा मी स्वतः मान्य केला आहे.

आता खरं कारण. कॅमेऱ्यांवरून मी तुला फोनवरही झापलं असतं, त्याला एवढा कागद लागला नसता. निळ्या पट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अगदी लख्ख होते. पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न करता म्हणाले, “काल मी कुठल्या घरात दिवा लावत होतो?” मी सांगितलं. खोटं सांगितलेलं त्यांना कळतं. मग म्हणाले, “ठकीला सांगून टाक. मी तिला ठकी म्हणून ओळखतोय तोवर सांग.” एवढं बोलून पेपर उलटला आणि चहात साखर कमी आहे म्हणाले. त्या शब्दातून त्यांनी मला मोकळं केलं, म्हणून हे पत्र. रविवारची धावती भेट नको. सुट्टी काढून ये, राहायला ये. मला एकटीला हे पुढे रेटता येणार नाही असं नाही, येईल. पण ते तुझे वडील आहेत, आणि त्यांचे लख्ख दिवस माझ्या एकटीच्या वाट्याला यावेत हे न्यायाचं नाही. खालची नोंद इंजिनियर काम सोपवताना भरते त्या हस्तांतराच्या कागदावरून केली आहे. कागद तिचा, मजकूर माझा.

तुझीच, आणि अजून तरी मालकीण,
आई

हस्तांतर. दिले: घराच्या खात्यात, इंजिनियरकडून खास सोय करवून, दुसरी मालकीण म्हणून तुझं नाव, नियम बदलायचा असेल तर दोघींची संमती लागेल. बाहेरच्या दाराची सूचना, माझ्याबरोबर तुझ्याही फोनवर. डॉक्टरांच्या सर्व कागदांच्या प्रती, आणि त्यांना थेट विचारण्याची बाबांची लेखी परवानगी, सही त्यांच्या स्वतःच्या हातची, सुवाच्य. परत केले: कॅमेरे तीन, न उघडलेल्या खोक्यांत. देणारी: आई. घेणारीची सही: इथे येऊन.