रुखमाबाई तायडे यांचे पुस्तक

मारेगाव
१४ नोव्हेंबर २००५

श्री. धम्मरत्न यांस,
जयभीम.

तुमचे पत्र गुरुवारी मिळाले. इकडे सर्व ठीक आहे. माझी शाळा सुट्टीनंतर सुरू झाली. कापूस अजून अर्धा झाडावर आहे आणि वेचायला माणसे कमी नाहीत, मजुरी देऊन वेचून घेणारे कमी आहेत. आई रोज जाते. तिची प्रकृती बरी आहे. तुम्ही विचारले नव्हते, तरी लिहिते.

‘झाले गेले विसरून जाऊ’ असे तुम्ही लिहिले आहे. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. तुमच्या कामाचे तेवढे लिहिते.

सदाशिवरावांनी तुमच्या ‘मागची फळी’ या सदराला रविवारच्या पुरवणीचे पूर्ण पान दिले, हे वाचले. संपादकाने पान द्यावे आणि विषयही नेमून द्यावेत, म्हणजे लिहिणाऱ्याला सोपे जाते. श्रद्धा, विवाह आणि खेळ. प्रत्येक विषयावर एक जुने पुस्तक. तुम्ही म्हणता, ‘तुला सवय आहे, चार ओळी सुचव.’

सवय आहे. आठ वर्षे मी पोळ्या लाटताना पुस्तके सांगितली आणि तुम्ही ओट्याला टेकून ऐकली. रविवारी ती तुमच्या नावाने छापून यायची. तेव्हा मला त्याचे वाईट वाटत नसे. चांगले पुस्तक चार माणसांना कळले, एवढे पुरे वाटायचे.

श्रद्धेसाठी ‘शील आणि शेजार’ घ्या. दीक्षेनंतर दोन-तीन वर्षांनी नागपूरला छापलेले, एका प्राथमिक शिक्षकाचे लहानसे पुस्तक. देव गेल्यावर माणसाने कोणाला भिऊन खरे बोलायचे, एवढाच त्यात प्रश्न आहे. उत्तर, शेजाऱ्याला. खोटे बोलण्यावरचे प्रकरण विशेष चांगले. लेखक लहान खोटे, मोठे खोटे अशी वाटणी करीत नाही. ज्याच्याविषयी खोटे बोललो तो माणूस तिथे उभा होता का, एवढेच विचारतो. आपल्या कपाटात मागच्या रांगेत आहे.

विवाहासाठी ‘वधूपक्ष आणि वरपक्ष’. स्वातंत्र्यापूर्वी अमरावतीच्या एका वकिलाने लिहिले. भाषा जुनाट, मते निम्मी टाकाऊ. पण असल्या पुस्तकांत सुनेलाच शहाणपण शिकवलेले असते, याने एक प्रकरण जावयासाठी ठेवले आहे. लेख लिहिण्याआधी निदान तेवढे वाचा. तेही कपाटातच आहे.

खेळासाठी ‘आट्यापाट्यांचे दिवस’. लेखिका रुखमाबाई तायडे, नेर. हे कपाटात नाही आणि आता कुठे मिळायचेही नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. कापूस निघाल्यावर मोकळ्या झालेल्या काळ्या वावरात पाट्या आखायच्या. एका बाजूने पळणाऱ्यांना पार जायचे असते, पाटीवर उभे असलेल्यांनी त्यांची वाट अडवायची. मुलींनी असे खेळू नये, असे मानणाऱ्या गावात या बाईने मुलींचा संघ उभा केला. पुस्तक त्याची हकीकत सांगते. जिंकल्याची कमी, हरल्याची जास्त. त्यातले एक वाक्य मला पाठ आहे: ‘पळणाऱ्याला घाई असते. पाटीवरच्या बाईला नसते.’ हे अवतरण खुशाल वापरा.

नाव मात्र पूर्ण छापा. रुखमाबाई तायडे.

साधना


मारेगाव
२२ जानेवारी २००६

श्री. धम्मरत्न यांस,
जयभीम.

पुरवणी मिळाली. तिच्या मागोमाग तुमचे पत्रही मिळाले. फोटो चांगला आला आहे. मागे कपाट दिसते.

तुमच्या लेखाची सुरुवात मी दोनदा वाचली. या वर्षी आपल्या जिल्ह्याकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले आहे, अशा वेळी माणसाला ग्रंथच तारतात, असे तुम्ही म्हटले आहे. इकडे दिल्लीच्या गाड्या येतात, आत्महत्या केलेल्या कोणा शेतकऱ्याच्या अंगणात खुर्च्या मांडतात, विचारपूस करतात आणि जातात. कोणी पुस्तक मागितल्याचे ऐकले नाही. असो.

खेळाचा भाग आईला वाचून दाखवला. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तुमची वाक्ये इथे उतरवते, कारण लिहिलेले तुमच्या लक्षात असेलच असे नाही. ‘रुखमाबाई तायडे यांचे हे पुस्तक मी विद्यार्थिदशेत प्रथम वाचले आणि पुढे तीनदा. या माऊलीच्या शब्दांना काळ्या मातीचा वास आहे. अशा स्त्रीच्या पायाशी बसायला मिळाले असते, तर माझे शिक्षण पूर्ण झाले असते.’

आईचा हात थांबला.

“कोनाबद्दल लिवलं वं हे?”

“तुह्याबद्दल.”

“माह्याबद्दल? काय लिवलं?”

“तू पुस्तक लिहिलं म्हणून.”

“मले त सही येत नाही.”

“आट्यापाट्यांचं.”

“म्या कवा खेळली आट्यापाट्या? पोट्टे खेळे. आमी निंदाले जाओ.” दोन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, “पायाशी बसतो म्हन्ते?”

“हो.”

“वाच बरं अजून एक डाव.”

मी आणखी तीनदा वाचले. तुमच्याइतके झाले.

तर ‘आट्यापाट्यांचे दिवस’ नावाचे पुस्तक नाही. कधी नव्हते. तुमच्या पत्राला उत्तर लिहिताना मी ते रचले. रुखमाबाई मात्र आहेत. तायडे हे आईचे माहेर. इकडे जावई सासूला म्हणतात तसे तुम्ही तिला आठ वर्षे मामी म्हणत होता. आपल्या लग्नपत्रिकेवर बाबांचे नाव होते, तिचे नव्हते. तुम्ही कधी विचारले नाही. तरी मला वाटले होते, रुखमाबाई हे नाव लिहिताना तुमचा पेन थांबेल. आपल्या घरी मावशी आली की आईला याच नावाने हाक मारायची, ते तरी आठवेल. पेन थांबला असता, तर मी सगळे तिथेच सोडून दिले असते. हे खरे आहे.

‘वधूपक्ष आणि वरपक्ष’ मधल्या जावयाच्या प्रकरणाचे पहिले वाक्य असे आहे: ‘जावयाने सासरच्या माणसांची नावे आधी शिकावी, मानपान मागाहून घ्यावा.’ त्या पुस्तकाला तुम्ही ‘प्रत्येक जावयाने पुनःपुन्हा वाचावे असे’ म्हटले आहे. ते खरेखुरे पुस्तक आहे, तुमच्या पाठीमागे फोटोतही दिसते.

आता मागच्या जानेवारीचे. आपण त्यावर कधी बोललो नाही. मी त्याच संध्याकाळी निघाले आणि तुम्ही लोकांना सांगितले, तिची आई आजारी आहे.

मी दूध आणायला गेले होते. सदाशिवराव आणि त्यांच्या पत्नी बैठकीत होते. आई मारेगावच्या गाडीने आली, वेचणीवरून उठून तशीच. केसांत कापूस होता, हातात शेंगांची पिशवी. दारात उभी राहिली. सदाशिवरावांनी पाहिले. आणि तुम्ही म्हणालात, “या आमच्याकडे कामाला येतात. बाई, जरा चहा टाका.”

मी परतले तेव्हा आई कप भरत होती. तिनेच मला कुजबुजत सगळे सांगितले. मी बैठकीकडे वळले, तिने मनगट धरले. “चूप राय. पावने हायेत.” मग ट्रे घेऊन स्वतः बाहेर गेली. सदाशिवरावांच्या पत्नी म्हणाल्या, “बाई चांगली मिळाली हो तुम्हाला. आमच्याकडे एक टिकत नाही. काय गं, सोमवारपासून येशील का?”

आई म्हणाली, “पाहीन ना, बाईसाहेब.”

ती तुमच्यासाठी म्हणाली. तुमची लाज राखायला. तुम्ही कप उचलला आणि अनुवादाविषयी बोलू लागलात. मी दाराआडून ऐकत होते.

तुमच्या नव्या पत्रातल्या गोष्टींना उत्तर देते. कळंबचे निवृत्त क्रीडाशिक्षक पंजाबराव यांनी संपादकांना लिहिले आहे की हे पुस्तक त्यांनी लहानपणी वाचले, आणि रुखमाबाईंना नेरच्या मैदानावर खेळताना पाहिलेही. त्यांच्या खोट्याचा मला राग आला नाही. म्हाताऱ्या माणसाला आपला खेळ छापलेला दिसला, राहवले नाही. तुम्हाला तसे कारण नव्हते.

सदाशिवराव तुमच्या लेखांचे पुस्तक काढत आहेत, सव्वीस फेब्रुवारीला यवतमाळला प्रकाशन आहे, आणि त्या दिवशी रुखमाबाईंच्या वारसांचा सत्कार करायचा आहे, वारस शोधून दे, असे तुम्ही लिहिता. वारस कशाला? ती स्वतः आहे.

मला एकच हवे आहे. येत्या कोणत्याही रविवारी, तुमच्याच सदरात, रुखमाबाई तायडे ही माझी सासू आहे, एवढे छापा. पुस्तक नव्हते हे लिहा अथवा लिहू नका. ‘माझी सासू’ हे दोन शब्द त्या दिवशी बैठकीत म्हणायचे राहिले होते. तेवढे म्हणा, मग तुमच्या प्रकाशनाला माझ्याकडून काही त्रास होणार नाही.

साधना


मारेगाव
१९ फेब्रुवारी २००६

श्री. धम्मरत्न यांस,
जयभीम.

चार रविवार गेले. सदर आले, दोन शब्द आले नाहीत.

मंगळवारी मी शाळेत असताना तुम्ही इथे येऊन गेलात. आईने सगळे सांगितले. तिच्या सांगण्यात काही चुकले असेल तर दुरुस्त करा.

तुम्ही शाल घेऊन आलात. दारातून म्हणालात, “मामी, मी आलो.”

आई म्हणाली, “मामी इथं कोनी राहत नाही. कोन पायजे, नाव सांगा.”

तुम्ही इकडे तिकडे पाहिलेत. शेजारच्या मानीबाई ओट्यावर बसल्या होत्या, त्या हसल्या. मग तुम्ही म्हणालात, “रुखमाबाई.”

“मंग या जवाईबुवा. बसा.”

आईने हे मला चारदा सांगितले. तुमचा आवाज काढून सांगते. मानीबाई पाणी भरायला आल्या की त्यांनाही ऐकवते.

तुम्ही तिला समजावलेत की पुस्तक होते असेच सगळे धरून चालले आहेत, ते हरवले म्हणून सांगू. तिने फक्त व्यासपीठावर बसायचे, शाल घ्यायची, हात जोडायचे. लेखिका म्हणून मान मिळेल. बोलायचे काही नाही. तुम्ही विचारलेत, जमेल ना?

“बोलाले नाई लागत? मंग त सोपं हाये. तुमच्या घरी बी म्या काही बोलली नोती.”

तुम्हाला वाटले ती कबूल झाली. ती झालीच आहे. तुम्ही खूश होऊन गेलात. शाल तिने ठेवून घेतली, थंडी आहे.

मी सदाशिवरावांना पत्र लिहिले आहे. रुखमाबाई तायडे हयात आहेत, कार्यक्रमाला येतील, त्यांचा परिचय धम्मरत्न करून देतील, कारण त्यांना ते सर्वांत जवळून ओळखतात, एवढेच लिहिले. त्यात खोटे काही नाही. त्यांचे उत्तर आले. निमंत्रणपत्रिकेवर तसे छापले आहे. पंजाबरावांनाही बोलावले आहे. सदाशिवरावांच्या पत्नी दीप लावणार आहेत.

म्हणजे त्या समोरच असतील. त्यांनी आईच्या हातून कप घेतला होता, तिला कामाला बोलावले होते. त्या ओळखतील. त्यांना अजून बाई मिळाली नसेल तर लवकर ओळखतील.

तेव्हा माईकपाशी उभे राहण्याआधी विचार करून ठेवा. लेखिका म्हणालात, तर एका लेखिकेला कामवाली म्हणून चहा टाकायला का लावले, हे सांगावे लागेल. कामवाली म्हणालात, तर तिच्या पायाशी बसण्याचे तुम्ही जिल्हाभर छापले आहे. तिसरे उत्तर तुम्हाला माहीत आहे. जानेवारीत ते तुम्ही घरी बसून, एकट्याने लिहू शकला असता. आता सभागृहात म्हणावे लागेल, आणि ती बाजूच्या खुर्चीवर असेल.

आजारी पडू नका. तुम्ही आला नाहीत, तर परिचय मी करून देईन, असे सदाशिवरावांना कळवून ठेवले आहे. मी काय सांगेन ते तुम्हाला ठाऊक आहे.

परत येण्याविषयी तुम्ही आईपाशी बोललात. मी येणार नाही. कपाटातली पुस्तके ठेवून घ्या. पुढचे लेख आता तुम्हाला एकट्याने लिहायचे आहेत, ती लागतील.

काल आईने विचारले, “अन त्यानं खरं सांगतलं त?”

मी म्हटले, “तर पाहुण्यांसोबत जेवू आणि घरी येऊ.”

“नाई सांगतलं त?”

“तरी जेवू.”

तिने शाल घडी करून ठेवली. मग म्हणाली, “सांगन तो. भेकड हाये, पन सांगन.”

मला तसे वाटत नाही, आणि तुम्ही सांगावे अशी माझी फारशी इच्छाही उरलेली नाही. तिची आहे. रविवारी ती तुमच्याकडे पाहील. तुम्ही काय म्हणता त्यावर तिचे तुमच्याविषयीचे मत ठरणार आहे. माझे ठरले आहे.

आम्ही सकाळच्या गाडीने निघू.

रुखमाबाईंची मुलगी,
साधना